जातीचा रकाना

खोतीगावच्या वनचौकीत माझ्या टेबलावर
निळ्या पुठ्ठ्याची नोंदवही असते,
एक कोपरा वाळवीने खाल्लेला.
रकाने पाच: तारीख, ठिकाण, जात,
विषारी की बिनविषारी, कुठे सोडला.
सगळ्यात अरुंद रकाना जातीचा.
‘हरणटोळ’ मावतो, ‘रुखई’ तर आरामात.
दिसला कसा, ते मात्र मावत नाही.

सोयरू वेळीप आज पुन्हा आला.
सुपारीची आकडी दाराबाहेर टेकवली,
खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली,
तोंड काथ्याने बांधलेली, सिमेंटची पिशवी.
रिकामीच वाटावी इतकी हलकी.
मूठभर वजनाला दोन हात लांबी.

‘कुठे?’
‘प्रभूंच्या कुळागरात, अगदी शेंड्याला.
ह्या पोफळीवरून त्या पोफळीवर मी झोका घेतला,
तर हा माझ्या आधी तिथं पोचलेला.’

काथ्या सैल केला. आधी डोळे आले बाहेर,
मोठे, गोल, दिवसा जगणाऱ्याचे.
मग पाठ: देवघरातल्या समईसारखी,
घासायची राहून गेलेली.
घाबरून अंग फुगवलं त्यानं
आणि खवल्याखवल्यांच्या फटीतून
निळं दिसलं, आकाशाचं,
कुणाला दाखवायचं नव्हतं असं.

मी लिहिलं: रुखई. बिनविषारी.
‘वाचून दाखय, बाय.’
दाखवलं.
‘इतलेंच?’

मग तो आकडीच्या टोकाने
चौकीच्या धुळीत रेघा ओढत बसला.
ही धूळनागीण. लहानपणी अंगावर पट्टे,
वय वाढलं की पुसत जातात,
शेवटी नुसती माती उरते, पळणारी.
हा हरणटोळ. वारा नसताना हलणारं पान.
ह्याचाच एक सुका भाऊ असतो, तपकिरी,
त्याला माणसं दुसराच समजून मारतात.
आणि हा तुझ्या वहीतला.
‘सगळे फोकासारखे. सोयरे म्हण.
पण एका पंगतीला बसायचे नाहीत.’

फोक म्हटल्यावर मला शाळा आठवली.
मास्तर निगडीचा फोक आणायला मलाच धाडायचे.
एकदा कुंपणातला एक हिरवा फोक मी धरला
आणि त्यानं मान वळवून पाहिलं,
आडव्या बाहुलीनं, शिलाईच्या सुईच्या नेढ्यासारख्या.
सोडून दिला. वर्गात सांगितलं, मिळाला नाही.
मार चुकला नाही. हातानं पडला.

‘वाड्यावर म्हणतात,’ मी म्हटलं,
‘रुखई चावली की झाडावर चढते,
माणसाच्या चितेचा धूर बघायला.’
सोयरू हसला. पुढचे दोन दात नाहीत त्याला.
‘चाळीस वर्सां चडटां हांव.
वरून धूर दिसता तो काजूच्या भट्टीचो.’

मग नेहमीचा प्रश्न, जाताजाता विचारल्यासारखा,
खरं तर त्यासाठीच आलेला:
‘म्हजो कागद?’
घराखालच्या जमिनीचा त्याचा अर्ज
माझ्याच कपाटात आहे, तिसऱ्या फळीवर.
त्यातही एक रकाना जातीचा.
भरलेला आहे, शिक्का आहे,
तरी वरून शेरा आला: पुरावा जोडा.
पणज्यानं लावलेला फणस पुरावा होत नाही.
‘अजून आला नाही,’ म्हटलं.
‘बरें.’
ह्या एका शब्दावर मी तीन वर्षं
वहीत डोकं खुपसून बसते.

तळपणच्या काठी आम्ही दोघं गेलो.
पिशवी त्यानं आडवी धरली, झटकली नाही.
ती निघाली, जांभळीच्या खोडाला लागली,
खोड जिथं होतं तिथंच राहिलं
आणि ती नव्हती.
वर एक पान हललं. वारा होता,
त्यामुळे काही सांगता येत नाही.

शेवटचा रकाना मी तिथंच भरला,
मांडीवर वही घेऊन: जांभळीवर.
सोयरूनं पिशवी उलटी करून झाडली,
चार घड्या घातल्या,
काथ्या बोटाभोवती गुंडाळून खिशात टाकला.
उद्या सुपारीला लागेल, म्हणाला.